शिवणीची जागा : घरगुती शिवणातील रचनेचा विचार

१

वस्त्राचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा वस्त्र ल्यालेल्या देहावर असते; ते वस्त्र जिथे जोडले गेले त्या रेषेवर ती क्वचितच थांबते. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा भारतीय वेषभूषेवरील इंग्रजी ग्रंथ १९५१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला, डॉ. मोतीचंद्र यांचा 'प्राचीन भारतीय वेशभूषा' हा हिंदी ग्रंथ त्याच्या आदल्याच वर्षीचा. या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकावर दोन्ही ग्रंथांचे ऋण आहे, आणि ते मान्य करूनच पुढील विवेचन करावयाचे आहे. मूर्ती, भित्तिचित्रे, लघुचित्रे आणि वाङ्मयातील उल्लेख ही अशा ग्रंथांची मुख्य साधने होत. परंतु साधनाबरोबर साधनाची मर्यादाही येते. पाषाणातील स्त्रीची चोळी आखूड आहे की लांब, पाठीवर उघडी आहे की बंद, हे शिल्पकाराने दाखविले आहे. तिची बाही अंगाला कोणत्या रेषेवर जोडली होती आणि काखेत कापड कमी पडले तेव्हा शिवणाऱ्याने काय केले, हे दाखविण्याचे त्याला काहीच प्रयोजन नव्हते. त्यामुळे वेषाचे रूप इतिहासात आले, वेषाची रचना मात्र बाहेर राहिली.

संग्राहकांची दृष्टी निराळी असली तरी तिचाही परिणाम तोच झाला. संग्राहक अलंकरण शोधतो. जर, बुट्टी, कशिदा, भरतकाम यांनी मढलेले वस्त्र तो जपतो आणि साध्या शिवणीचे वस्त्र झिजून जाऊ देतो. बंगालच्या कांथेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली कांथेवर निबंध लिहिला आणि गुरुसदय दत्त यांनी कांथांचा संग्रह केला, तेव्हापासून हा जुन्या वस्त्रांचा शिवलेला थर कलाविचाराच्या कक्षेत आला. तो आला याचे एक मोठे कारण असे की त्यावर कमळ होते, हत्ती होते, रथ होते. समीक्षकाला ज्याचा अर्थ लावता येईल असे चित्र होते. महाराष्ट्रातील गोधडीही जुन्या वस्त्रांच्या थरांचीच, तिचाही टाका धावदोराच. परंतु तिच्यावर चित्र नाही. म्हणून तिच्याविषयी जे लिहिले जाते ते आजीच्या मायेविषयी असते, गोधडीविषयी नसते. हृद्य आठवणींचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र आठवण ही समीक्षा नव्हे.

घरी शिवलेल्या कपड्याला 'रचना' हा शब्द लावावयाचा असेल तर तो त्याच्या शिवणीच्या जागेवरून लावावा लागेल, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. शिवण कोठे घातली, कोठे टाळली, कोणती शिवण लपविली आणि कोणती उघडी ठेवली, या प्रश्नांची उत्तरे कपड्यातच असतात. ती वाचता आली तर शिवणारीचा विचार हाती लागतो. तिचे नाव आणि तिने ठेवलेले टिपण यांच्यावाचून काही अडत नाही.

२

शिवणीवरून रचनेकडे जाण्याची एक रीत डोरोथी बर्नहॅम या विदुषीने १९७३ साली दाखवून दिली. कॅनडातील टोरांटो येथील रॉयल ऑन्टॅरिओ म्यूझियमने प्रसिद्ध केलेली तिची 'कट माय कोट' ही पुस्तिका आकाराने अगदी लहान आहे; परंतु तिच्यातील उपपत्ती दूरगामी आहे. निरनिराळ्या देशांतील सदरे आणि अंगरखे उलगडून, त्यांचे तुकडे पुन्हा कापडावर मांडून बर्नहॅमने असे दाखविले की पारंपरिक कपड्याचा बेत बऱ्याच अंशी मागाच्या रुंदीने ठरलेला असतो. अरुंद मागावरच्या कापडाचा सदरा एका तऱ्हेने कापला जातो, रुंद मागावरच्या कापडाचा दुसऱ्या तऱ्हेने. कापड मोलाचे असल्याने ते वाया न जाईल अशीच कात्री चालते. पुस्तिकेचे नाव कापड पाहून अंगरखा बेतावा अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी म्हणीवरून घेतले आहे. मराठीने हीच गोष्ट अंथरुणावरून आणि पायांवरून सांगितली, हा केवळ योगायोग असला तरी गोधडीचा विचार करताना तो आठवल्यावाचून राहत नाही.

बर्नहॅमची कसोटी मराठी वेषाला लावावयाची तर खणाच्या चोळीइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. 'खण' या शब्दाचे अर्थच पाहावेत. कपाटाचा खण, घराचा दोन तुळयांमधील खण, आणि चोळीचा खण. तिन्हीत मर्यादित, मोजलेल्या अवकाशाची कल्पना आहे. चोळीचा खण वारावर मोजला जात नाही, नगावर मोजला जातो. ओटीत एक खण घालतात, पाऊण खण घालीत नाहीत. म्हणजे कापडाचे एकक आणि कपड्याचे एकक एकच आहे. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या गुळेदगुड्ड येथील विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखाला हे खण पुरविले. खणाला दोन्ही बाजूंनी काठ असतो, आणि तो काठच चोळीच्या बेताचा पहिला नियम होय. काठ बाहीच्या कडेला यावयास हवा, तसाच तो खालच्या बाजूला, गाठीच्या पट्टीशीही यावयास हवा. हे दोन्ही एका खणातून साधावयाचे म्हणजे कापड कोणत्या दिशेला आडवे धरावयाचे आणि कोणत्या दिशेला उभे, याचा निर्णय कात्री लावण्यापूर्वीच झालेला असतो. काठ दुमडावा लागत नाही, त्याचे सूत निघत नाही. म्हणून तेथे तुरपाईही लागत नाही. विणकराने मागावर केलेले काम शिवणारीने आपल्या शिवणीत जमेस धरले आहे. काखेखाली तिरके किंवा चौकोनी तुकडे बसवून हाताला हालचालीपुरती मोकळीक दिलेली असते. तो तुकडा म्हणजे ठिगळ नव्हे. सरळ रेषांच्या बेतात वाकणाऱ्या देहासाठी ठेवलेली ती जागा होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चोळी ही सर्वस्वी घरची शिवण नव्हती. जात्यावरच्या ओव्यांत चोळीचे उल्लेख विपुल आहेत, आणि त्यांत चोळी ही बहुधा भावाकडून किंवा माहेराकडून आलेली, कापडाच्या दुकानात पारखून घेतलेली आणि शिंप्याने शिवलेली असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या, लाखावर भरणाऱ्या ओव्यांच्या संग्रहात याची साक्ष पुन्हा पुन्हा मिळते. तेव्हा खणाच्या चोळीचे सारे श्रेय घरातील स्त्रीला देणे हा भाबडेपणा ठरेल. चोळी घर आणि दुकान यांच्या उंबऱ्यावर उभी आहे. घरगुती शिवणाचे स्वतःचे असे क्षेत्र पाहावयाचे तर दुकानात कधीच न गेलेल्या कपड्यांकडे वळावे लागते : दांड घातलेले लुगडे, तान्ह्या मुलाचे झबले-टोपडे-कुंची, आणि गोधडी. आणि तेथे पाऊल टाकताच बर्नहॅमची उपपत्ती अपुरी पडू लागते.

३

ती अपुरी पडते याचे कारण सोपे आहे. बर्नहॅमचा शिवणारा नवे कापड घेऊन बसतो. मागावरून उतरलेल्या कापडाची रुंदी सर्वत्र सारखी, बळ सर्वत्र सारखे. मराठी घरातील शिवणारीच्या मांडीवर मात्र बहुतेक वेळा जुने कापड असे, आणि जुन्या कापडाचे बळ सर्वत्र सारखे नसते. लुगडे बसण्याच्या जागी विरते, टाचेशी फाटते. त्याचे खोचलेले भाग आणि आतली टोके पुष्कळ दिवस शाबूत राहतात. धोतर गुडघ्याशी जाते. अशा कापडाची रुंदी मोजून भागत नाही, त्याची झीज मोजावी लागते. मागाची रुंदी जर बर्नहॅमच्या शिवणाऱ्याला आखून मिळालेली चौकट असेल, तर झिजेचा नकाशा ही मराठी गृहिणीला मिळालेली चौकट होय. तो नकाशा ती बोटांनी वाचीत असे, कापड उजेडासमोर धरून तपाशीत असे.

दांडाचे उदाहरण घ्यावे. विरलेला भाग कापून टाकावयाचा आणि दोन शाबूत तुकडे आडव्या शिवणीने एकमेकांना जोडावयाचे, ही दांड घालण्याची रीत. वरवर पाहता ही केवळ दुरुस्ती आहे. परंतु शिवण कोठे येणार हा प्रश्न विचारताच तिचे स्वरूप पालटते. लुगड्याच्या नऊ वारांत प्रत्येक वाराचे नेसण्यातील स्थान ठरलेले असते. काही भाग निऱ्यांत जातो, काही कासोट्यात, काही खांद्यावरून पदर होऊन पाठीवर उतरतो. दांडाची शिवण निऱ्यांच्या घड्यांत आली तर ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही; ती पदरावर आली तर घरची ओढग्रस्त चार लोकांत उघडी होते. म्हणून जमिनीवर पसरलेल्या सपाट कापडावर कात्री चालवताना ते कापड अंगावर कसे वळणार आहे याचे पूर्ण चित्र तिच्या मनात असावे लागे. दोन तुकड्यांचे काठ एका रेषेत यावयास हवेत, शिवण चपटी बसावयास हवी, कापलेली कड दुमडीत झाकली जावयास हवी, नाहीतर चालताना ती पायाला टोचते. एवढ्या अटी पाळून घातलेली शिवण यशस्वी झाली याची खूण एकच, ती कोणाला दिसली नाही.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. दांड ही गरिबीची निशाणी होती. ती घालणारीला त्यात रचनेचा आनंद नव्हता, असलीच तर लाज होती. गरजेतून निपजलेल्या गोष्टीला कलेच्या पंक्तीला बसविणे म्हणजे दुसऱ्याच्या दारिद्र्याचे कौतुक करणे नव्हे काय? आक्षेपातील पहिला भाग संपूर्ण मान्य केला पाहिजे. अलीकडे 'काहीही वाया न घालविणारी' म्हणून जुन्या शिवणाची जी स्तुती ऐकू येते, तिच्यात हे भान फारसे दिसत नाही. दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवताना गेलेले डोळे त्या स्तुतीत कोठेही जमेस धरलेले नसतात. परंतु गरज आणि विचार यांचा परस्परविरोध आहे हे आक्षेपातील गृहीतक मात्र मान्य करता येत नाही. लाज होती म्हणूनच शिवणीची जागा इतक्या काटेकोरपणे निवडली गेली. तिचे कष्ट सांगावयाचे आणि तिची अक्कल वगळावयाची, हा तिच्यावर दुहेरी अन्याय होईल.

तान्ह्या मुलाच्या कपड्यांत हीच झीज गुण होऊन येते. पहिले कपडे जुन्या कापडाचे असावेत ही रूढी महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. तिच्याभोवती दृष्ट लागण्यासंबंधीच्या समजुती आहेत. पण नव्या कापडाची खळ आणि ताठरपणा तान्ह्या कातडीला सोसत नाही, आणि शंभर धुण्यांनी मऊ झालेले सुती लुगडे सोसते, ही गोष्ट कोणत्याही समजुतीवाचून खरी आहे. दुपटे हे तर चारी बाजूंनी दुमडलेले नुसते कापड. झबल्यात दोन सरळ बाह्या, पुढे उघडे अंग आणि बंद. खरी रचना पाहावयाची ती कुंचीत.

साध्यातली साधी कुंची म्हणजे एक लांबट आयत. त्याची उभी घडी घालावयाची आणि वरच्या आखूड बाजूची दोन टोके एका शिवणीने जोडावयाची. एवढ्यानेच वर डोके मावेल अशी खोळ तयार होते, घडीच्या कोपऱ्याचे मागे टोक निघते, आणि खालचे न शिवलेले कापड पाठीवर पसरते. मानेशी दोन बंद लावले की झाले. आयताला एकही गोलाई द्यावी लागत नाही, कापडाचा एकही तुकडा उरत नाही. एका शिवणीत टोपी आणि पांघरूण ही दोन कामे उरकली आहेत, आणि मूल मांडीवर असो, खांद्यावर असो, पाळण्यात असो, दोन्ही कामे चालू राहतात. कुंचीचे दुसरे रूप डोक्याचा भाग वेगळा बेतून त्याला खाली चुण्यांचा घेर जोडलेला, असेही आहे. ते अधिक शोभिवंत खरे, परंतु रचनेच्या दृष्टीने पहिल्याहून उणे म्हणावे लागेल, कारण तेथे मानेवर आडवी शिवण येते आणि निजलेल्या मुलाला टेकावयाची जागा नेमकी तीच असते. बारशासाठी आज बाजारात मिळणाऱ्या सॅटिनच्या, झालरी आणि तयार लेस लावलेल्या कुंच्यांविषयी एवढेच सांगणे पुरे की त्या डोक्यावरून घसरतात. जुने सुती कापड केसांना धरून राहते.

४

झिजेचा विचार मागे पाहणारा असला तर घरगुती शिवणात पुढे पाहणारा एक विचारही आहे. मराठी शिवणाच्या परिभाषेत शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला 'माया' म्हणतात. हा शब्द कोणी योजला असेल त्याची योजकता वाखाणण्याजोगी आहे. परकराच्या घेराला खाली रुंद दुमड घालावयाची, कमरेशी किंवा मध्यावर आडव्या चुण्या घ्यावयाच्या, पोलक्याच्या दोन्ही बगलांत दोन बोटे माया ठेवावयाची, आणि मुलगी जसजशी वाढेल तसतशी एकेक उसवत जावयाची. 'वाढत्या अंगाचा' कपडा म्हणतात तो हाच. तो पहिल्या दिवशी सैल दिसतो, आणि सैल शिवल्याबद्दल घरच्या शिवणाला जे हसू होते ते याच कारणाने. परंतु ज्या कपड्याला तीन वर्षे टिकावयाचे आहे त्याला पहिल्या दिवशीच्या मापावरून नावे ठेवणे न्यायाचे नाही. शिंपी एका दिवशी घेतलेल्या मापाचा कपडा शिवतो. घरची शिवण येणाऱ्या दोन-तीन वर्षांचे माप एकाच कपड्यात साठवून ठेवते.

मापाची ही दुसरी पद्धत आली ती शिवणाच्या यंत्राबरोबर आणि शिवणवर्गाबरोबर. अमेरिकेत एबेनेझर बटरिक याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस काढले. सिंगर कंपनीची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हिंदुस्थानात येऊ लागली, आणि डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे सायकलीबरोबरच शिवणयंत्र हे या देशातील सामान्य माणसाच्या हाती आलेल्या आधुनिक यंत्रांपैकी एक ठरले. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणाला स्त्रीच्या उपजीविकेचे साधन म्हणून प्रतिष्ठा दिली. हे कार्य थोर होते, आणि त्याचे मूल्यमापन येथे करावयाचे नाही. पाहावयाचे आहे ते एवढेच की शिवणवर्गात विद्यार्थिनी प्रथम कापडाला हात लावीत नाही, कागदाला लावते. छातीचे माप घ्यावयाचे, त्याचा चतुर्थांश, अष्टमांश, द्वादशांश काढावयाचा, त्यावरून मुंढ्याची आणि गळ्याची गोलाई आखावयाची, आणि तो कागद कापडावर ठेवून कापावयाचे. झारापकर पद्धतीने महाराष्ट्रातील घराघरांत पोचलेले बेतण्याचे शिक्षण असेच देहाच्या मापापासून सुरू होते.

या पद्धतीने जे दिले ते खरोखर दिले. गोल मुंढ्यामुळे हात डोक्यावर उचलता येतो आणि पोलके वर ओढले जात नाही. सरळ बाहीच्या जुन्या बेतात हे काखेतल्या तुकड्यावाचून साधत नसे. दळणारी, पाणी ओढणारी, लोकलच्या गर्दीत दांडी धरणारी स्त्री या फरकाचे मोल जाणते. परंतु गोलाईची एक किंमत असते. मुंढा कापला की दोन्ही बाजूंना निमुळत्या चंद्रकोरी उरतात, कटोरीच्या पोलक्यात तर त्या अधिकच विचित्र आकाराच्या निघतात, आणि त्यांचे पुन्हा काही होत नाही. कापडाचा विचार कागदाच्या आखणीमागे गेला की चिंधी जन्माला येते. पूर्वीच्या घरातही चिंध्या होत्या, पण त्या झिजून झालेल्या. न वापरताच चिंधी झालेले कापड ही नव्या बेतण्याची निर्मिती होय.

या चिंध्या गेल्या कोठे? पुष्कळशा शिंप्याच्या दुकानातून गोधडीत गेल्या.

५

गोधडीला देशावर कोठे वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेकडे कवदी. तिचा पाया साधा आहे, आणि त्या पायातले गणित मात्र पाहण्यासारखे आहे. नऊ वारांच्या लुगड्याची लांबीच्या दिशेने चौपदरी घडी घातली असता सव्वादोन वार, म्हणजे एक्याऐंशी इंच लांबी होते. उंच माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत पुरून वर थोडी उरावी अशीच ती लांबी आहे. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याची. लांब बाजूंना लुगड्याचे काठ आपोआप येतात, आणि गोधडी सर्वांत आधी झिजते ती कडेलाच. एकही तुकडा न कापता, नुसत्या घडीने, अंथरुणाचे माप आणि कडेची बळकटी दोन्ही हाती येतात. आत धोतरांचे, चादरींचे विरलेले भाग, वर-खाली शाबूत भाग. म्हणजे झिजेचा जो नकाशा दांडात एका रेषेने सोडविला, तो येथे थरांनी सोडविला आहे. एका थराची विरलेली जागा दुसऱ्याच्या शाबूत जागेखाली यावी, ही बेतणारीची कसोटी.

दांड आणि गोधडी यांच्या शिवणीत मात्र एक मूलभूत भेद आहे. दांडाची शिवण लपते, गोधडीची शिवण सर्वांगावर उघडी असते. जमिनीवर थर पसरून मोठ्या कच्च्या टाक्यांनी ते धरावयाचे, आणि मग धावदोऱ्याच्या जवळजवळच्या ओळींनी सारा पृष्ठभाग भरून काढावयाचा. टाके दोन बोटांच्या अंतरावर असले तर गोधडी लवकर तयार होते आणि धुण्यात तिचे थर गोळा होतात. अंतर जितके कमी तितके कापड एकजीव. तेव्हा गोधडीवर जे सौंदर्य दिसते, त्या टाक्यांच्या ओळींमुळे पृष्ठभागावर उठणाऱ्या बारीक लाटा, ते अलंकरण म्हणून वरून घातलेले नसते. ते बळकटीचेच दृश्य रूप आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील घाटमाथ्यावर राहणारा, घरी कोकणीचे एक रूप बोलणारा सिद्दी समाज जी कवंदी शिवतो ती या संदर्भात तुलनेला घेण्याजोगी आहे. हेन्री ड्रेवाल या अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर दीर्घकाळ काम केले आणि २०११ साली न्यूयॉर्क येथे तिचे प्रदर्शन भरविले. सिद्दी स्त्री वरचे तुकडे आधी मांडून घेत नाही. एका कोपऱ्यापासून कडेकडेने शिवत, तुकडा ठेवीत आणि टाक्याने धरीत, ती फेरे घेत मध्याकडे येते. मांडणी शिवणीबरोबरच घडते. हाती पुढचा तुकडा जो असेल तो रंगांचा पुढचा निर्णय ठरवितो. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात, आणि त्यांच्यावाचून कवंदी पुरी मानली जात नाही. पांघरुणाला त्यांचा उपयोग काहीच नाही. जिथे उपयोग संपतो तिथे शिवणारीने स्वतःहून एक रेघ पुढे ओढली आहे, आणि 'हे सारे केवळ गरजेपोटी' असे म्हणणाऱ्यांनी त्या चार कोपऱ्यांकडे अवश्य पाहावे.

अशा वस्त्रांची प्रशंसा कशी करू नये याचेही एक उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णी स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टन येथे भरले आणि पुढे ते न्यूयॉर्कला गेले. समीक्षकांनी त्यांचा गौरव मुक्तकंठाने केला, परंतु पुष्कळदा तो आधुनिक अमूर्त चित्रकलेशी असलेल्या साम्यावरून केला. गोधडी भिंतीवर टांगली की ती चित्रासारखी दिसते हे खरे. पण ती तशी दिसावी म्हणून शिवलेली नाही. भिंतीवर टांगलेल्या गोधडीची एकच बाजू दिसते, आणि उलट बाजूला, जिथे गाठी आणि दोऱ्याची टोके असतात, तिथेच शिवणारीचा हात सर्वांत स्पष्ट वाचता येतो. मराठी गोधडीचे कौतुक उद्या कोणाला करावेसे वाटले तर त्याने ती प्रथम उलटी करून पाहावी.

६

घरगुती शिवणाचा हा विचार मागच्या पिढ्यांपाशी संपला असे मानण्याचे कारण नाही. आज घराघरांतील यंत्रांवर जो वेष सर्वाधिक हौसेने शिवला जातो तो शिवलेली नऊवारी होय. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, गणपतीची मिरवणूक, लग्नाचा मंडप, शाळेतील संमेलन, या प्रसंगांपुरती नऊवारी नेसावयाची असते. नेसण्याचे ज्ञान आईकडून मुलीकडे आलेले नसते. आणि ढोल गळ्यात घेऊन तीन तास चालावयाचे असते. तेव्हा साडी कापून, पायांचे दोन भाग करून, निऱ्या आणि कासोटा जागच्या जागी पक्के करून, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक घालून तिचा पायजम्यासारखा चढविता येणारा वेष केला जातो. 'ब्राह्मणी', 'पेशवाई', 'मस्तानी' अशी तिच्या प्रकारांची नावे दुकानांत रूढ झाली आहेत. या नावांमागील इतिहास किती पातळ आहे हे सांगण्यात फारसा अर्थ नाही. वेषांची नावे नेहमीच अशी पडतात.

या वेषाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, ही परंपरेची विटंबना. दुसरे, हे परंपरेचे पुनरुज्जीवन. शिवणीच्या जागेवरून पाहिले तर दोन्ही मते वरवरची ठरतात. शिवलेल्या नऊवारीत दोन पायांमधील लांब शिवण निऱ्यांच्या आणि कासोट्याच्या आड अशी न्यावयाची असते की पाहणाऱ्याला साडी नेसलेलीच वाटावी. म्हणजे शिवण जिथे लपवावयाची ती जागा दांडाचीच आहे. त्या निऱ्यांच्या घड्यांत पूर्वी ओढग्रस्त झाकली जात होती. आता तिथे न येणारे नेसणे झाकले जाते. दोन्ही ठिकाणी शिवणारीला सपाट कापडावर अंगावरच्या घड्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागते, आणि त्या अर्थाने कौशल्याचा धागा तुटलेला नाही.

तुटले आहे ते निराळेच. कापलेली नऊवारी एका मापाची होते. ती बहिणीला नेसता येत नाही, गरोदरपणी सैल करता येत नाही, आणि झिजल्यावर तिची चौपदरी घडी पडत नाही. तिला सण आहेत, पण म्हातारपण नाही. साडीच्या सुताला जी दोन-तीन आयुष्ये मिळत असत, लुगडे, मग दुपटे आणि कुंची, मग गोधडी, त्यांपैकी पहिलेच काय ते उरते. आणि तेही वर्षातून दोन-चार दिवसांचे.

अलीकडे मात्र काही शिवणाऱ्या स्त्रिया साडी न कापता नऊवारी शिवू लागल्या आहेत. हिच्यात पायांचे भाग कात्रीने वेगळे करावे लागत नाहीत; कापडाच्या घड्या घालून, आवश्यक तेथेच टीप मारून, कमरपट्टीला निऱ्या धरून तोच वेष उभा केला जातो. पायात ती कापलेल्या नऊवारीइतकी चोख बसत नाही, कमरेशी थोडी जाड होते, आणि गिऱ्हाइकांना शिवणीचे जे सुबक रूप हवे असते ते तिच्यात पुरते येत नाही. या उणिवा आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. परंतु तिची टीप उसवली की नऊ वार कापड जसेच्या तसे परत मिळते, फक्त टाक्यांच्या बारीक भोकांची एक ओळ मागे राहते, आणि ती दोन-तीन धुण्यांत बुजते.